मागच्या चाकांची पकड

गॅरेजवाला : पुरे, दाजी. पाहिलं मी. इंजिन बंद करा आणि उतरा खाली.

दाजी : नुसता पाय ठेवला की मागचं बूड निसटतं. कोरड्या रस्त्यावर.

गॅरेजवाला : निसटणारच. पिकअप सामान वाहायला केलेली. तुम्ही इंजिनात मावेल तेवढी ताकद भरली आणि हौदा ठेवलात रिकामा. वजनच नाही तर मागची चाकं रस्ता धरणार कशी?

दाजी : म्हणून तर आलोय. उद्या रविवार. कोर्टानं रविवार माझा दिलाय, आणि तुझी बहीण म्हणते, ठकी या गाडीत बसणार नाही. गेल्या खेपेला फाटकसुद्धा उघडलं नाही. पोटच्या पोरीला मी गजांतून बघायचं?

गॅरेजवाला : बसनं न्या. पोरीला खिडकी मिळाली की झालं.

दाजी : बसनं नेऊ? घर तिच्याकडे, मुलगी तिच्याकडे. ही गाडी तेवढी माझी उरलीय.

गॅरेजवाला : मग ताकद उतरवू इंजिनाची. चहा येईपर्यंत होईल.

दाजी : ते सोडून बोल.

गॅरेजवाला : वाटलंच. ताईनं हेच ऐकण्यात इतकी वर्षं काढली.

दाजी : मेकॅनिक म्हणून बोल, मेहुणा म्हणून नको. आणि दाजी तरी कशाला म्हणतोस आता?

गॅरेजवाला : जिभेला वळण पडलंय. बरं, मेकॅनिक म्हणून सांगतो. हे टायर दिसायला रुंद, पण रबर दगडासारखं. मऊ रबराचे लावू, हवा जराशी कमी ठेवू. जोर दिला की मागचे स्प्रिंगचे पाटे पिळतात आणि चाकं उड्या मारतात, तिथं आधाराला दोन दांडे बसवतो. आत्ता एकच चाक भिरभिरतं आणि दुसरं झोपा काढतं. दोघांना कामाला लावणारं डिफरन्शियल माझ्याकडे पडून आहे, तेही टाकू. आणि हौद्यात, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, वाळूच्या गोण्या. करकचून बांधून. नाहीतर ब्रेक मारलात की तुमच्या मानगुटीवर येतील.

दाजी : गोण्या घेऊन फिरू? लोक हसतील.

गॅरेजवाला : कोण लोक?

दाजी : टाक गोण्या.

गॅरेजवाला : जॅक इकडे सरकवा. आणि ती अंगठी काढा, कुठंतरी अडकायची. अजून घालता होय?

दाजी : निघत नाही.

गॅरेजवाला : साबण आहे तिकडे.

(संध्याकाळ. दोघं एक फेरी मारून गॅरेजात परततात.)

दाजी : बघितलंस? पाय पुरता दाबला, तरी शेपूट हललं नाही. दोरी धरल्यासारखी सरळ गेली.

गॅरेजवाला : धरते आता. नाही म्हणत नाही.

दाजी : लाव तुझ्या ताईला फोन. माझा ती उचलत नाही.

गॅरेजवाला : मला कशाला मध्ये घालता?

दाजी : तुझ्यावर विश्वास आहे तिचा. एवढं कर, पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

गॅरेजवाला : ...ताई, मी. गॅरेजात आहे. हो, आहेत इथंच. अगं, ऐक तर. गाडी मी स्वतः केली, आत बसून पाहिलं. आता घसरत नाही. थांब, स्पीकरवर टाकतो.

ताई (फोनवर) : तू केलीस म्हणजे नीटच केली असशील. प्रश्न तो नाही.

दाजी : मग कुठला? तूच म्हणालीस, गाडी घसरते म्हणून पोर घाबरली.

ताई : मी एवढंच म्हणाले, पोर घाबरली. पुढचं तुम्ही जोडलंत.

दाजी : एकच ना ते.

ताई : नाही. त्या दिवशी येऊन ती जेवली नाही. रात्री मला घट्ट धरून झोपली, एरवी जवळ घेतलं तर ढकलते. मग अंधारात म्हणाली, आई, गाडी गोल फिरली तेव्हा मी ओरडले, बाबा थांब. बाबा हसत होता. मग त्यानं परत फिरवली.

दाजी : गंमत होती गं ती. तिला मजा वाटावी म्हणून...

ताई : ठेवते मी. आणि तू रे, कामाच्या नादात उपाशी राहू नकोस.

दाजी : ठेवला?

गॅरेजवाला : ठेवला.

दाजी : हसत होतो म्हणे. मला तर आठवतही नाही. तिचा आवाज आला असता तर थांबलो नसतो का?

गॅरेजवाला : मला काय विचारता?

दाजी : परत लाव. सांग तिला, इंजिनाची ताकद उतरवतोय. आत्ताच उतरव, तुझ्यासमोर उभा राहतो.

गॅरेजवाला : उतरवतो. पण पोरीनं इंजिनाबद्दल काही म्हटलेलंच नाही, दाजी.