झालंच!

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "अहो, नुसतं गाणंच वाजवायचंय ना, त्यात एवढं काय?" एवढं काय! तुम्हाला सांगतो, संगणकात आवाज वाजवणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो ना, त्यात दोन कामं एकाच वेळी चालतात. एक जण भांड्यात आवाज ओततोय, तर दुसरा म्हणतो "झालंच!" आणि भांडं उचलून चालू लागतो. अहो, झालंच म्हणजे झालं का? पहिला ओततोच आहे! कुठे ओततोय? वाऱ्यावर! आणि तेवढ्या फटीत एखाद्या चोरानं आपलं भांडं सरकवलं की अख्खं मशीन त्याच्या ताब्यात. म्हणून ही सगळी मारामारी.

बरं, ही चूक दिसेल तर शपथ! काय चाललंय ते कळावं म्हणून नोंदी छापायच्या चार ओळी घातल्या, तर त्या छापण्यात सगळं इतकं हळू झालं की दोघेही शहाण्यासारखे रांगेत. ओळी काढल्या की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. साहेब म्हणाले, मग राहू द्या की त्या ओळी. कप्पाळ! मग गाणं रडतखडत वाजेल त्याचं काय?

इकडे बायको बॅगा भरून तयार. दरवर्षी माझ्या कामापायी रद्द होणारी सहल, पोरं बूट घालून दारात बसलेली. तिचा फोन, झालं का? झालंच! सकाळी साहेब डोकावले, झालं का? झालंच, साहेब! माझी जीभ म्हणजे ना...

शेवटी लॉक घातलं. एकाचं पुरतं आटोपेपर्यंत दुसऱ्यानं भांड्याला हात लावायचा नाही. दुपारभर बदडून पाहिलं, मशीन बंद पडेना. अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धावत गेलो, म्हटलं, साहेब, झालं. नुसतं झालं, 'च' नाही.

"अहो, ते सकाळीच झालं ना?" साहेब म्हणाले. "मी पाठवूनही दिलं सगळीकडे."

म्हणजे फट असलेलंच! आता ते मागे घ्या, नवं पाठवा... पुन्हा बसतोय तोच बायकोचा फोन. "आम्ही निघालोच," म्हणाली. तुम्हाला सांगतो, जीव भांड्यात पडला. 'च' लागलाय, म्हणजे निघायला अजून अवकाश आहे, मला काय कळत नाही? आरामात नवं पाठवलं, घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, मघाशीच गेले की सगळे.

तिचा 'च' खरा होता हो... खोटा तो फक्त माझाच.