चार तासांवरचा दादा

...नाही काका, तुम्ही बसा, मला गप्प करू नका, सकाळपासून गप्पच आहे मी. डॉक्टरांना काय सांगितलंत? मुलगा निघालाय, विमानाने चार तासांचा रस्ता, तो येऊन सही करेल, मग करा ऑपरेशन — असंच ना? आणि ते थांबले. का नाही थांबणार? पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, घरातला कर्ता माणूस बोलतोय. मी खाली औषधं आणायला गेलेलो — वर येतो तर आई अजून खाटेवरच. आतड्याला पीळ पडलाय तिच्या, पोट दगड झालंय, शुद्ध नाही, आणि तुम्ही जिन्याकडे डोळे लावून बसलाय, जसा काही तो कोपऱ्यावरच्या बसमधून उतरणार आहे.

चार तास कुठून आणलेत? — माहितीये मला. दादा पहिल्यांदा परदेशी गेला त्याचं तिकीट. इथून सकाळी दहाला सुटतं, तिथे दुपारी दोनला टेकतं. केलीत वजाबाकी. अहो, दहा इथले आणि दोन तिथले — त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा जवळजवळ दहा तास मागे चालतं. जवळजवळ चौदा तास होतात. अकरा हजार किलोमीटर आहे ते काका, आणि आज थेट विमानही नाही, मध्ये बदलायचंय, उद्या दुपारच्या आत तो दारात दिसत नाही. तेव्हाच सांगितलं होतं मी. तुम्ही काय म्हणालात? कॉलेज अर्ध्यात टाकलेल्याने आम्हाला हिशेब शिकवू नये. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग तिलाही तुम्ही तेच घोटून पाजलंत — थोरला काय, चार तासांवर आहे, हाक मारली की हजर. त्या चार तासांवर जगली ती. आणि ते खोडायचं कोणी? मी? गोळ्या मी द्यायच्या, अंथरूण मी बदलायचं, आणि पाणी पिता पिता ती विचारणार काय — दादाला सुट्टी कधी रे?

तुला काय कळतं, म्हणू नका. उन्हात नुसते केस पिकतात, अक्कल नाही. आणि मला तरी सहीची कुठे हौस आहे? खाली औषधांच्या रांगेत मीही विमानच बघत होतो मोबाईलवर — कुठलं आधीचं मिळालं असेल त्याला, कुठूनतरी लवकर पोचत असेल — म्हणजे मग माझ्या हाताने — जाऊ दे. वाचली तर थोरल्याच्या पुण्याईने वाचली, गेली तर धाकट्याच्या सहीने गेली, हेच सांगाल ना चारचौघांत? सांगा. खुशाल सांगा.

सिस्टर, तो कागद इकडे द्या. मुलगा आहे मी त्यांचा. — नाही, तो नाही, धाकटा. इथेच असतो.

काका, पाय आत घ्या. स्ट्रेचर जाऊ दे.