नानांचा म्युऑन

...आणि वरून मलाच विचारतात, "कोच, आज शिट्टी उशिरा का?" मलाच! अजून उजाडलेलं नाही, खर्ड्याच्या किल्ल्याचे बुरूज लांबून नुसते काळे ठोकळे दिसतायत, आणि माझ्या मैदानावर, मैदान कसलं, कांदा काढून रिकामं पडलेलं वावर ते, निम्मं गाव धोतर खोचून उभं! कुणाच्या पायात चपला, कुणाच्या पायात नातवाचे बूट, एकानं भर चैत्रात कानाला मफलर गुंडाळलेला, आणि सगळे पळायला तयार! म्हातारे हो, म्हातारे! ज्यांना देवळाच्या पारावरून उठवायला कालपर्यंत माणूस लागायचा ते! तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की, फिटनेस कोच ना तू, खूश हो. खूश? कसला खूश! कारण हे लोक तब्येतीसाठी पळतच नाहीत. हे पळतात मरण लांबवायला. शास्त्रीय पद्धतीनं! आणि ते शास्त्र यांच्या डोक्यात कुणी घातलं? चूक कुणाची? माझीच.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या गावासारखं अर्धं ऐकून पळत सुटाल.

मी ज्ञानेश्वर. नगरला बीएस्सीला होतो, फिजिक्सला. होतो म्हणजे सोडलं. आता सोडलं का, तर मला वेड कणांचं. अणूच्या आतले, आभाळातून पडणारे, तुमच्या-आमच्या अंगातून बिनधास्त आरपार जाणारे कण! एकदा वर्गात उभा राहून विचारलं, सर, हे म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात कसे? तर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिलॅबसमध्ये आहे?" नाही सर. "परीक्षेला येतं?" नाही सर. "मग खाली बस." बसलो. आणि मग जो उठलो तो थेट एसटी धरून घरी आलो.

घरी आल्यावर काय झालं ते विचारूच नका. आमचे वडील, सूर्यभान पाटील, पाटील नुसते म्हणायला, दहावीच्या गणिताच्या पेपराला भिऊन पुण्याला पळालेला माणूस हा, आणि मला म्हणतात, "पळपुटा!" पारावरचे सगळे टोपीवाले एकामागून एक येऊन चहा पिऊन मला शहाणपण शिकवून गेले. ज्यांना स्वतःच्या मोबाईलचा आवाज बारीक करता येत नाही ते मला करिअर सांगत होते! एकटे हनुमंत नाना, आमचे चुलते, वस्तीवरून आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवलास का?" बास. एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कांदा निघालाय, वावर रिकामं हाय. तुला पळायबिळायचं आसंल तर पळ तिथं." हे लक्षात ठेवा. पुढं मी ह्याच माणसाचं काय केलं ते ऐकल्यावर तुम्हाला माझा राग यायला सोपं जाईल.

तर मी पळायला लागलो. रागानं पळायचो. पळून पळून अंग बनलं, तेव्हा वाटलं, हाच धंदा करू. पोलीस भरतीची पोरं घेतली, शिट्टी आणली, फ्लेक्स लावला. फ्लेक्स वडिलांनी छापून आणला! त्यावर गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो, वडिलांचा गॉगलमधला फोटो, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा मी. दिवाळी झाली आणि सगळी पोरं नगरच्या मोठ्या अकॅडमीत गेली, तिथं म्हणे आरसे आहेत. राहिले कोण? शुगरवाले, बीपीवाले, गुडघेवाले. म्हटलं, चला, हे तर हे.

पण हे म्हातारे पळतील तर शपथ! "गुडघा कुरकुर करतो." "आमी काय कुनाची चोरी केलीय, पळायला?" एक जण तर पळता पळता तंबाखू मळायचा आणि चुना मागायला दुसऱ्याकडं वळायचा, की दोघंही थांबलेच. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, ऐका रे! आभाळात लई उंचावर एक कण जन्माला येतो, म्युऑन त्याचं नाव. त्याचं आयुष्य इतकं बारीक की डोळा मिटायच्या आत तो कितीदा तरी मरेल. खरं तर त्यानं वाटेतच संपायला पाहिजे. पण तो खाली जमिनीपर्यंत येतो, आत्ता तुमच्या टोपीतून आत शिरून बुटातून बाहेर पडतोय! कसा? तर तो पळतो! असा पळतो, असा पळतो, की त्याचा काळच हळू चालतो! जो पळतो त्याचं आयुष्य वाढतं!

आता यात खोटं काय? म्युऑनचं सगळं खरं. फक्त तो उजेडाच्या वेगाशी बरोबरी करतो आणि आमचे म्हातारे म्हशीच्या मागं राहतात, एवढंच मी सांगितलं नाही. एवढंच! आणि दुसऱ्या दिवशी वावरात ही गर्दी. चूक कुणाची? माझीच.

माझी चूक कळली कधी, तर ताकाचं निमंत्रण आलं म्हणून नानांच्या वस्तीवर गेलो तेव्हा. गोठ्याच्या पत्र्याखाली बीपीच्या गोळ्यांची पाकिटं खोचलेली, एकही गोळी फोडलेली नाही. म्हटलं, नाना, हे काय?

"बंद केल्या."

बंद? डॉक्टरांनी सांगितलं?

"तूच सांगितलं की! पळलं की काळ मंदावतो. काळ मंदावला की वय मंदावतं. वय मंदावलं की बीपी कशाला वाढंल? आन बीपी वाढत न्हाई तर गोळी कशाला?"

इतकी सरळ गोष्ट त्या कॉलेजात कुणी कधी मांडली नसेल, आणि संपूर्ण चूक! म्हटलं, नाना, मी गंमत केली. ते कणाचं असतं, माणसाचं नसतं. तर नाना हसले. म्हणाले, "तू कालेज सोडलं म्हून तुला आसं वाटतंय. पुरं शिकला आसतास तर पटलं आसतं."

मी दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, मी खोटं बोललो, पळा पण गोळ्या सोडू नका. तर राधाकृष्ण गुरुजी उठले. हे आमचे रिटायर मास्तर, नानांचे शाळेपासूनचे वैरी. दोघं एकमेकांशी बोलतात ते फक्त वाद घालायला. खिशातून पेपरची रविवारची पुरवणी काढली. "हे बघा, म्युऑन! छापून आलंय. पोरगा पहिल्यांदा खरं बोलला आणि आता खोटं बोलतोय." सगळं पार म्हणालं, व्हय की. बरं, गुरुजी पेपरमधून नजर काढून माझ्याकडं बघतात कसे, तर अगदी आमच्या कॉलेजच्या सरांसारखे. चष्म्यावरून! मी खाली बसलो. सवयीनं.

आता करायचं काय? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? खरं बोलून माणूस गोळी घेत नाही. मग मी एक गोळी फोडली, चांदीच्या कागदात बांधली, पळत वस्तीवर गेलो आणि म्हटलं, नाना, डोळे मिटा. आणलाय.

"काय?"

म्युऑन.

नाना उठूनच बसले. "धरला कुठं?"

पत्र्यावर पडला.

"गरम हाय?"

न्हाई, निवलाय.

"गिळायचा का चघळायचा?"

गिळायचा, पाण्याबरोबर. चघळला तर फुटतो.

आणि ह्या माणसानं, ज्यानं मला "जेवलास का" विचारलं होतं, डोळे मिटून, प्रसाद घ्यावा तसा हात पुढं केला. मी त्या हातावर गोळी ठेवली. हलकी असते हो गोळी. पण माझा हात जड झाला. तरी रोज सकाळी एक म्युऑन सुरू झाला. आणि गुण येऊ लागला! नाना शांत झाले. म्हशीला शिव्या देईनात. गुरुजींशी वाद घालताना मध्येच जांभई द्यायला लागले! गाव म्हणालं, पळण्याचा गुण. आणि मी, बघा माझा निर्लज्जपणा, मी म्हटलं, असू दे. नवीन फ्लेक्समध्ये नानांचा फोटो टाकला. चूक कुणाची? बोलायची गरज आहे का?

मग आली यात्रा. यात्रेला आमच्याकडं हगामा भरतो, म्हणजे कुस्त्या. तिथला नियम एकच, हलगी वाजत असताना दोघांनी मिळून नारळ धरला की कुस्ती ठरली, मग माघार नाही, नाहीतर वर्षभर गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्या दिवशी गुरुजींनी भर आखाड्यात नानांना डिवचलं, "हन्मंता, पळतो म्हणे तू! का नुसतंच ह्या ज्ञानेश्वराचं ऐकून धोतर वर खोचतो?" झालं! नानांनी नारळ धरला, दुसऱ्या बाजूनं गुरुजींनी धरला. कुस्ती नव्हे, पळायची शर्यत! मारुतीपासून वेशीपर्यंत, भर उन्हात! मी आडवा आलो, नाना, नको. वडील म्हणतात, "मागं सर रे! घराची लाज काढतो का?" बघा! घरातला माणूस उन्हात मरायला निघालाय आणि यांना लाज! रंगू नानी, आमची चुलती, गर्दीतून माझ्या कानात म्हणाली, "भिऊ नगं, म्यां बगतीया त्यास्नी." मला वाटलं, बायामाणसांचा धीर असतो तसा.

हलगी वाजली. नानांनी नारळ छातीशी धरला, दोन-चार ढांगा टाकल्या, आणि उभ्या जागी असे खाली बसले, असे, जसं कुणी पोत्याची सुतळी सोडली. नारळ गडगडत गुरुजींच्या पायाशी. हलगीवाला वाजवतच राहिला, त्याला कुणी सांगितलंच नाही थांबायला.

जामखेडला नेलं पिकअपमधून. नानांचं डोकं माझ्या मांडीवर. सगळ्या वाटेनं मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो: ऊठ आणि विचार, जेवलास का. बाकी मला काही नको. कण नको, फिटनेस नको, गुरुजींची पुरवणी तर मी स्वतः जाळीन.

डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि भुवया वर केल्या. "इतकं खाली? गोळ्या किती देता यांना?"

मी म्हटलं, एक.

नानी म्हणाली, "एक."

डॉक्टर म्हणाले, "एकच ना?"

मी म्हटलं, हो, मी रोज सकाळी देतो.

नानी म्हणाली, "तू? आरं म्यां देतीया की! येगळं पाकीट आणून, रोज ताकात कुटून! ह्यांनी बंद केल्या तवापास्नं!"

मी नानीकडं बघतोय, नानी माझ्याकडं बघतीय, आणि डॉक्टर आम्हा दोघांकडं असे बघतायत की तुरुंगात आधी कुणाला टाकू! तरी म्हटलं, म्हशीला शिव्या का बंद झाल्या! माणूस शांत नव्हता झाला हो, माणूस निम्मा बंद पडला होता! नानीनं कपाळावर हात मारला. "मला सांगायचं तरी हुतं मुडद्या!" बरोबर आहे नानीचं. तिनं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण आपल्याकडं नवऱ्याला औषध चोरून द्यायचं आणि पुतण्यानं थापा मारून द्यायचं, आणि ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, ही घरची रीत. तरी चूक कुणाची? मी म्हटलं, माझीच.

संध्याकाळी नाना शुद्धीवर आले. सलाईन लागलेलं. खाटेभोवती सगळं पार जमलेलं, गुरुजींसकट. नारळ पण आणला होता कुणी तरी. मी म्हटलं, आता बास. सगळ्यांसमोर हात जोडले. म्हटलं, नाना, म्युऑन नव्हता. बीपीचीच गोळी होती. नानी पण देत होती. पळल्यानं काळबिळ काही हळू होत नाही. मी तुमचा गुन्हेगार आहे, काय मारायचं ते मारा.

नाना छताकडं बघत म्हणाले, "थांब जरा. माझ्या हातातनं नारळ सुटला ना... त्यो लई येळ खाली येत हुता रे. लईच येळ. त्याच्या शेंडीचा केस आन केस दिसला मला. हलगीचा एक टोला वाजला, आन दुसरा वाजायला जनू दिवस गेला."

आणि मग गुरुजी, आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या बाजूनं, हळूच म्हणाले, "म्हणजे काळ मंदावला."

"मंदावला," नाना म्हणाले.

संपलं! संपलं की नाही सगळं? दुसऱ्या दिवशी वावरात ही जत्रा. गुरुजी पहिल्या रांगेत! मी ओरडून ओरडून सांगतोय, अहो ती चक्कर होती! तर म्हणतात, "तू पडला होतास का? मग?"

एक मात्र झालं. नाना गोळी घेतात. पण एका अटीवर. दवाखान्यातली नको, नानीच्या ताकातली नको, म्युऑनच पाहिजे, आणि तो मीच आणायचा, पळत. डॉक्टर म्हणाले, एकच गोळी जाते ना पोटात? मग कुणाचा काय कण असेल तो असू दे. म्हणून मी रोज सकाळी इकडं म्हाताऱ्यांना शिट्टी मारतो आणि तिकडं चांदीचा कागद मुठीत धरून वस्तीपर्यंत पळत सुटतो. हे माझं करिअर. आज वाटेत कुत्रं मागं लागलं, उशीर झाला. नाना ओट्यावर वाट बघत बसलेले, नानी दारात, हातात पाण्याचा तांब्या, ताकाचा नव्हे.

"उशीर का?"

झाला नाना.

"पळत आलास का चालत?"

पळत.

"मंग उशीर मला झाला. तुला कुटं झाला?" नाना म्हणाले. "तू पळत हुतास, तुझा काळ हळू. मी इथं बसून हुतो. माझं वय वाढलं तेवढं. चूक कुनाची?"

माझीच, नाना. आ करा.