थोरल्या दिरांचा आहेर

अयपेरी : म्हणजे काकांनी दिलेली मेमरी बसतच नाही?

उमसुनाय : बसते गं. खाच जुळते, खटका लागतो. बसते, पण चालत नाही. सकाळपासून लावून बघतेय. नुसता पंखा फिरतो, पडदा काळाच. ती काढून माझी छोटी लावली की मशीन लगेच जागं होतं.

अयपेरी : आई, मी म्हटलं होतं, बिश्केकमध्ये तयार सर्व्हर मिळतो. वायर जोडली की झालं.

उमसुनाय : तयार डब्यात काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्य काढलं मी. उघडून पाहिल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. एकदा ठेवला होता विश्वास, त्या एकट्या डिस्कवर. मागच्या हिवाळ्यात ती टकटक करायला लागली. तुझ्या बाबांनी कॅमेऱ्यात टिपलेली अर्ध्या काराकोलची लग्नं होती तिच्यावर, आणि कॅसेटींना तर कधीच बुरशी लागलेली. जेवढी निघाली तेवढी वाचली. ती ठेवायलाच हे चार डिस्कचं मशीन जुळवतेय.

अयपेरी : बुरमा काकू वाचल्या ना?

उमसुनाय : वाचल्या. म्हणूनच तर भाऊजी आज येतायत. गेलेली बायको पडद्यावर बघायची आहे आणि आपली मेमरी चालताना बघायची आहे.

अयपेरी : तू सगळ्या गोतावळ्याला सांगितलंसच कशाला?

उमसुनाय : मी कुठे सांगितलं? सायराश वन्संजवळ एकदा बोलले, झालं. लग्नाला निघावं तसे एकेक जण आहेर घेऊन दारात. काय लागतं म्हणून कुणी विचारलं नाही. वन्संनी हे कपाटाएवढं खोकं आणलं. तुझ्या नवऱ्यानं ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क पाठवली.

अयपेरी : ती तरी लाव. तो पहिलं तेच विचारेल मला.

उमसुनाय : ती तिच्या खाचेत घातली की बाकीच्या चारातल्या दोन डिस्क मुक्या होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय. तुला आठवत नसेल, पूर्वी दोन घरांत मिळून फोनची एक तार असायची. शेजारीण बोलायला लागली की आपला फोन बंद. आणि ती काही लवकर ठेवायची नाही. तसलंच आहे हे. मला चारही डिस्क बोलत्या हव्यात.

अयपेरी : मग त्याला काय सांगू?

उमसुनाय : त्याची पट्टी बाहेरून जोडायच्या एका यूएसबी डबीत घातलीय, तुझ्या पिशवीत आहे. सगळ्या लग्नांची नक्कल तिच्यावर उतरवली. तुमच्याकडे राहू दे. म्हणावं, आमच्या घराला आग लागली तर सगळं गाव तुमच्या कपाटात आहे.

अयपेरी : महिनाभर मिरवेल तो. पण काकांचं काय करणार? सायराश आत्याशी एका मेंढीवरून दोन वर्षं बोलले नव्हते ते. तू असं कर, ती मेमरी आत कुठंतरी चिकटवून टाक. झाकण लावल्यावर कुणाला कळतंय?

उमसुनाय : मला कळतंय ना. जा, चहा ठेव. बोर्सोक तळलेत, ते ताटात काढ. आणि साय विसरू नकोस, सायीशिवाय ते चहाला हात लावत नाहीत.

(दाराशी बूट झटकल्याचा आवाज. उमसुनायचे थोरले दीर जोलचुबेक आत येतात.)

जोलचुबेक : काय केलिन, उठलं का तुझं जनावर?

उमसुनाय : या भाऊजी. वर बसा, गादीवर.

अयपेरी : काका, आई सत्तरीची झाली. अजून केलिनच?

जोलचुबेक : सून म्हणून उंबरा ओलांडला तिनं. शंभरीची झाली तरी माझ्या भावाची बायकोच राहणार. बरं, ते हिरवे दिवे कसले?

उमसुनाय : चार डिस्क चालू आहेत, त्यांचे.

जोलचुबेक : आणि माझी मेमरी? खाणीच्या ऑफिसातल्या मोठ्या मशीनची आहे ती. तिथल्या चुलत पुतण्याला सांगून मुद्दाम काढून घेतली. तुझ्या चिमुकलीपेक्षा चौपट.

उमसुनाय : ती या खोक्यात नाही, भाऊजी.

जोलचुबेक : नाही म्हणजे?

उमसुनाय : ती उत्तम आहे, पण या मदरबोर्डला चालत नाही. रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलीय.

जोलचुबेक : म्हणजे आहेर परत.

अयपेरी : काका, चहा घ्या ना आधी.

जोलचुबेक : राहू दे चहा. माझी टोपी कुठे ठेवलीस?

उमसुनाय : टोपी देते. एक विचारू? तुम्ही जन्मभर खोगिरं शिवलीत. त्या वर्षी शेतीसंघाचा अध्यक्ष स्वतः चालत आला होता, पाहुण्यांना भेट द्यायला सगळ्यात भारी खोगीर हवंय म्हणून. तुम्ही त्याला रिकाम्या हातानं पाठवलंत. का?

जोलचुबेक : त्यानं घोडा आणला नव्हता.

उमसुनाय : भारी कातडं होतं, चांदीचं काम होतं. दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

जोलचुबेक : घोड्याची पाठ फुटली असती. रुंद पाठीचं खोगीर अरुंद पाठीवर बसतं गं, दिसतंही झोकात. पहिल्याच चढाला सालटं निघतात. घोडा बघितल्याशिवाय मी कधी कुणाला खोगीर...

अयपेरी : काका?

जोलचुबेक : चहा दे पोरी. साय आहे का?

अयपेरी : आहे.

जोलचुबेक : घोडा न बघता दिलं मी. या वयात.

उमसुनाय : प्रेमानं दिलंत. मोठ्या मशीनची मेमरी वेगळ्या घडणीची असते, ते मलाही लावून बघेपर्यंत माहीत नव्हतं.

जोलचुबेक : रुमालातली दे इकडे. तिच्या मापाचं मशीन ज्याच्याकडे असेल त्याला शोधतो. आणि तुझी ही छोटी तुला पुरते?

उमसुनाय : लग्नं सांभाळायला पुरते. दाखवू?

जोलचुबेक : त्यासाठीच आलोय.

अयपेरी : हे बघा, आपलंच अंगण. आई, किती बारीक होतीस तू. हा आवाज बाबांचा ना, कॅमेऱ्यामागून?

उमसुनाय : तेच. कुणाला नीट उभं राहू दिलं नाही कधी.

जोलचुबेक : थांब. ती बघ. पांढरा रुमाल बांधलेली.

अयपेरी : काकू तुम्हाला काय म्हणतायत?

जोलचुबेक : मांस कापायला बसवलं होतं मला, मी घोड्यांकडे निघून गेलो. सगळ्या पाहुण्यांसमोर झापतेय. ऐक तो आवाज. केलिन, यातली एक डिस्क मेली, तर ही जाईल?

उमसुनाय : नाही जाणार. दोन मेल्या तरी दिसतील. मी काल दोन उपटून पाहिल्या, पडद्यावर जाऊबाईंना चालू ठेवून. बोलायच्या थांबल्या नाहीत.

जोलचुबेक : ती कशानंच थांबायची नाही. पोरी, तुझ्या नवऱ्याला सांग, सायराशला सांग, सगळ्यांना सांग. हे दुकानातलं नाही. आमच्या केलिननं माप घेऊन शिवलंय.

उमसुनाय : चहा गार होतोय, भाऊजी.

जोलचुबेक : होऊ दे. जरा मागे घे. ती मला ओरडायला लागते, तिथपासून.