आचलचा उजेड

(मार्कंड्याजवळ वैनगंगेचा काठ. मासेमार इस्तारी आणि जपानातून सकाळीच पोचलेली त्याची मुलगी आचल.)

इस्तारी : मशीन कुठी हाये? गाडीतून तं तुयी बॅगच उतरली.

आचल : बाबा, आधी बसा. काही खाल्लं का तुमी?

इस्तारी : खाईन मंग. तुया भाऊ भूपेशचा डोंगा जिथी उलटला, त्या काळ्या खडकापासून सुरू करू. सरकारी बोटवाले काल परत गेले. मी म्हटलं, जा तुमी, माई पोरगी येऊन राह्यली. तिचा उजेड सारं पाहाते.

आचल : सारं नाई, बाबा. कागद, कापड, पुठ्ठा, प्लास्टिक, यातूनच तो पाहाते...

इस्तारी : त्याच उजेडानं बंद डब्बीतला गळ दाखवला होता नं तू फोनवर? भूपेश तं नाचला होता. साऱ्या गावाले सांगत फिरला, ताईचा उजेड कुठीबी जाते.

आचल : डब्बी कोरडी होती.

इस्तारी : म्हंजे?

आचल : माह्या मशीनचा हा टेराहर्ट्झचा उजेड पाण्यात शिरतच नाई. पाणी त्याले पिऊन टाकते. ओल्या फडक्यातूनही तो जात नाई.

इस्तारी : मोठी मशीन असन कोनाजवळ. तुया साहेबाले फोन लाव.

आचल : साहेबही हेच सांगन. आमी तं मशीनमधली हवासुद्धा वाळवून घेतो. इतके वर्ष मी तेच करून राह्यली. कुठी पाणी राहू नाई म्हणून.

इस्तारी : ढिवराची पोरगी आन पाण्याले भेते?

आचल : हो, बाबा.

इस्तारी : मंग फोनवर काऊन नाई सांगतलं? लोक म्हणत, इस्तारीभाऊ, पोरगा भेटत नाई तं पळसाच्या पानाचा पुतळा करा, त्याले आग द्या, पोराले मोकळं करा. मी भांडलो साऱ्याइसंग. शेजारच्या मुखरूच्या तं अंगावर धावून गेलो. तुया भरवशावर!

आचल : सांगणारच होती. तुमी रडत होते. म्हणत होते, तू आली का भेटते भूपेश. मंग मी तिकीटच काढलं.

इस्तारी : काय कामाचं शिकली वं तू? माहा पोरगा एवढ्याशा पाण्यात हाये, आचल. एवढ्याशा.

आचल : मलेही तोच पाहिजे, बाबा. दुसरं काईच नको.

इस्तारी : ...रडू नको. मुखरूले आवाज दे. म्हण, पळसाचे पानं आन.

आचल : आजचा दिवस थांबा. मी डोंगा घेऊन जाईन.

इस्तारी : नाई. तुयी माय किती दिस अशी दारात बसन? जा. पुतळा भूपेशएवढाच करा लागते. त्याले उंची सांग.

आचल : माह्या खांद्याले लागे...

इस्तारी : थे शाळेत असताना.

आचल : फोनवर तो बसूनच बोले, बाबा.

इस्तारी : माह्यापरस उंच झाला होता.