चौघांचा शिरा

[मुसफ्फा, आखातातली कामगार वस्ती. लेबर कॅम्पच्या गेटबाहेर शुगर तपासणीची बस. शुक्रवार.]

मरिसा : टोपी काढा.

नागेश : बसमध्ये एसी फार आहे, सिस्टर.

मरिसा : काढा. हात बघू. तीन बोटांना टोचलंय. आधी नागेश म्हणून आलात, मग सुदेश, मग गनी. आता कोण?

नागेश : ...दौलत.

दौलत : (दारातून आत येत) दौलत मी हाय, सिस्टर. ह्यो नाग्या. आमच्या रूमचा.

मरिसा : मग तुमचं रक्त हा का देतोय?

दौलत : रूममधी पाळ्या असत्यात. सुदेशकडं चपात्या, गनीकडं बाजार, माझ्याकडं भाजी. नाग्याकडं रक्त.

नागेश : माझी शुगर चांगली म्हणून. बदल्यात भांडी माफ.

दौलत : आन शुक्रवारचा शिरा. आमच्या वाटणीचा बी.

मरिसा : चौघांचा शिरा एकटा? किती दिवस?

नागेश : वर्ष झालं. काजू घालतात, सिस्टर.

मरिसा : आधीच्या सिस्टरना कळलं नाही?

नागेश : त्या बोटाकडे बघायच्या, तोंडाकडे नाही.

मरिसा : आज सुदेशची शुगर वाढलीय. गनीचीही. म्हणजे खरं कुणाची?

दौलत : नाग्या. एकच काम दिलं हुतं तुला.

मरिसा : दौलतभाऊ, लंगडताय का?

दौलत : बुटात ठिणगी पडली. वेल्डिंग करताना.

मरिसा : कधी?

दौलत : रमजानच्या आधी.

मरिसा : ईद होऊन गेली. तरी जखम भरली नाही? आणि तुम्ही ह्याचं बोट पुढे करता?

दौलत : शुगर निघाली की कंपनी व्हिसा खलास करती. थेट विमानात. पोरगी बारावीला हाय.

मरिसा : कंपनीला कोण सांगणार?

दौलत : तुमीच. बस कंपनीची न्हाई?

मरिसा : आमच्या संस्थेची. तिकडे रीम आयलंडच्या टॉवरमधले श्रीमंत साहेब पैसे भरून फुल चेकअप करतात. त्या कमाईवर ही बस इथे फुकट येते.

नागेश : आणि फायदा?

मरिसा : कुणी घरी नेत नाही. परत बसमध्येच घालतात.

दौलत : धंदा करून फुकट वाटायचं. म्हणून तर संशय येतो.

मरिसा : रिपोर्ट फक्त तुमच्या हातात देते. कंपनीला जात नाही.

दौलत : शपथ?

मरिसा : मी वसईची. येशूची शपथ चालेल?

दौलत : चालंल. वसईची केळी खाल्लीत मी.

मरिसा : ती आता जपून खायची. बोट द्या.

दौलत : नाग्या, तू तिकडं बघ.

नागेश : माझं सगळं तुम्ही बघितलंत की.

मरिसा : हे बोट आहे की पाइप? सुई जात नाही.

दौलत : वेल्डरचं हाय. जरा जोरात. ...किती?

मरिसा : नागेशपेक्षा बरीच जास्त.

दौलत : आता?

मरिसा : आता आत बसा, डॉक्टर जखम बघतील. गोळ्या सुरू होतील. वेळेत आलात तर पाय राहील, नोकरीही. पुढच्या शुक्रवारी परत यायचं. स्वतः. नागेश, तुम्हीही. त्या दोघांनाही पाठवा.

नागेश : मग माझ्याकडे कुठली पाळी?

दौलत : भांडी.

नागेश : आणि शिरा?

दौलत : सुदेशला फोन लाव. ...सुदेश, शिरा झाला का रं? रवा नुसता भाजलाय? साखर न्हाई घातली अजून? ...मग कांदा चिर. उपमा कर.