मागच्या यार्डातली तिघं

मी मूळची नागपूरची, म्हणजे जन्म नागपूरचा, वडील उमरेडकडच्या एका खेड्यातले. तिथं आमच्या लोकांना गावाच्या स्मशानात जागा नव्हती, नाल्याच्या काठी पुरायचे, आणि पुढं नाल्यावर बंधारा झाला तेव्हा ती जागा पाण्याखाली गेली, तर माझे आजोबा नेमके कुठं आहेत ते वडिलांनाही सांगता यायचं नाही, नुसता हात हलवायचे, तिकडं कुठंतरी. हे का सांगून राहिले, तर अमेरिकेत सगळे मला एकच विचारायचे, सुजाता, तू कॉम्प्युटरवाली, ब्लॅक स्टडीजमध्ये, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासात, पीएचडी काऊन करतेस?

लग्न करून टेक्सासला आले, शुगर लँडला. नवरा नितीन, पुण्याचा, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, मग जॉब गेला, घरात बसून जीव घाबरायला लागला म्हणून कम्युनिटी कॉलेजात इतिहासाचा एक क्लास घेतला. तिथं कळलं की गावाच्या नावात साखर आहे ती उगाच नाही, इथं सगळा ऊस होता, आणि गुलामगिरी संपल्यावरही काळ्या माणसांना काहीतरी क्षुल्लक कारण काढून तुरुंगात टाकायचे आणि तिथून मळेवाल्यांना भाड्यानं द्यायचे, ऊस तोडायला. मेले की तिथंच पुरायचे. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी ड्राइव्ह करत घरी आले आणि गाडीतून उतरायलाच होईना.

अ‍ॅप्लाय केलं, पीएचडीसाठी, पण पहिल्या वर्षी सगळीकडून नकार. दुसऱ्या वर्षी अर्जात आजोबांचं लिहिलं, तेव्हा एका युनिव्हर्सिटीतून इंटरव्ह्यूला बोलावलं. समोर एक काळ्या प्रोफेसर होत्या, साठीच्या, त्या म्हणाल्या, हे सगळं तू लिहिशील, पण उत्तर कोणाला देशील? मी म्हटलं, थीसिस तपासणाऱ्या कमिटीला. त्या म्हणाल्या, नीट विचार कर. पण घेतलं मला, आणि त्याच माझ्या गाइड झाल्या.

चौथ्या वर्षी मिस व्हेल्मा भेटल्या, एक काळ्या आजी. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, ह्यूस्टनला मुलीकडं राहायच्या, त्यांची आई शुगर लँडच्या उसाच्या मळ्यावर वाढलेली, जिथं आता आमची वसाहत आहे. मी सहा महिने त्यांच्याकडं रेकॉर्डर घेऊन जायची. एक दिवस म्हणाल्या, बेबी, मला एकदा तिकडं ने, मी लहानपणी आईबरोबर जायची, नंतर कुंपण घातलं मळेवाल्यांनी. मी म्हटलं, आता तिथं काही नाही हो, घरंच घरं आहेत. म्हणाल्या, घरांचं मला काय!

ऑगस्टची दुपार, अंगाची चिकचिक करणारं ऊन, रस्त्यावर माणूस नाही. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, चपला काढल्या आणि गवतावरून अनवाणी चालायला लागल्या. मी मागं छत्री घेऊन. आता नीट ऐका, मी कुठं राहते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, नेहमी मीच त्यांच्याकडं जायची. तर ही बाई दोन वळणं वळली, माझ्या गल्लीत आली, माझ्या घराच्या बाजूचं फाटक उघडलं आणि मागच्या यार्डात जाऊन उभी राहिली.  म्हणाल्या, इथं दोघं आहेत, माझ्या आईचे भाऊ, उन्हानं गेले, एकाच आठवड्यात. आणि मग असं, कोणी शेजारी भेटल्यासारखं, मान लववून दोघांची नावं घेतली, कसे आहात म्हणाल्या.

मग माझ्याकडं चमचे मागितले, त्यांच्यात कबरीवर घरातली वापरातली वस्तू ठेवतात, खूण म्हणून. मी घरात जाऊन नागपूरहून आणलेले स्टीलचे दोन चमचे आणून दिले, ते त्यांनी मातीत उभे खोवले. त्याच जागेवर, बघा, आम्ही स्विमिंग पूल खोदणार होतो, दोन आठवड्यांनी माणसं येणार होती.

नितीनला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारी माणसं काहीही बोलतात यार. तरी मी युनिव्हर्सिटीतून जमिनीखालचं बघणारं मशीन मागवलं. गवत कापायच्या मशीनसारखं दिसतं ते, ढकलत नेतात. तो माणूस ढकलत ढकलत पहिल्या चमच्यापाशी थांबला, मग दुसऱ्यापाशी, स्क्रीनवर खाली लांबट काळपट सावल्या, बरोबर चमच्यांखाली. नितीन वाकून स्क्रीनमध्ये बघायला लागला. मग तो माणूस चार पावलं पुढं गेला आणि म्हणाला, आणि हा तिसरा कोण? लहान आहे.

मी तिथूनच मिस व्हेल्मांना फोन केला. तिसऱ्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, आई रोज देवापुढं तीन नावं घ्यायची. दोन मोठ्यानं. तिसऱ्याला फक्त ओठ हलायचे. मी कधी विचारलं नाही, बेबी.

माझी मुलगी श्रेया, चौदा वर्षांची, खिडकीत उभी होती, म्हणाली, आई, वुई लिव्ह ऑन इट? 

पूल नितीननं त्याच दिवशी कॅन्सल केला. पण म्हणाला, थीसिसमध्ये आपला पत्ता नको, घर कोण घेईल मग? गल्लीतल्यांना सुगावा लागलाच. समोरच्या जोशी काकू, श्रेयाला लहानपणी सांभाळलेल्या, त्यांनी घरांचे भाव पडतील म्हणून बोलणं टाकलं. एक पूर्ण सेमिस्टर मी एक ओळ लिहिली नाही. मागचं दार उघडायची नाही. दुपारी घर शांत असलं की वाटायचं, यार्डात कोणी उभं आहे, चिडून नाही हो, नुसतं वाट पाहत. गाइड म्हणाल्या, पत्ता गाळता येतो, नियमात बसतं. मी विचारलं, तुम्ही गाळला असता? त्या म्हणाल्या, उत्तर मला द्यायचं नाहीये.

त्याच हिवाळ्यात मिस व्हेल्मा गेल्या. मी अंत्यविधीला जाऊन आले आणि नितीनला म्हटलं, मी लिहिणार आहे, आपला रस्ता, आपलं घर, सगळं. त्यानं माझे कागद ओढून घेतले. मग म्हणाला, लिही, नकाशा मी काढून देतो, तुझे नकाशे तिरपे असतात.

डिफेन्सला, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेला, मिस व्हेल्मांचे घरचे आले, अकरा माणसं, शेवटच्या रांगेत बसली. मी दोन नावं वाचली आणि तिसऱ्याला थांबले, नाव नव्हतंच. तेव्हा त्या अकरा जणांचे ओठ हलले, सगळ्यांचे एकदम, आणि आवाज नाही. खोलीतला एसीसुद्धा ऐकू येत नव्हता त्या क्षणी, खरं सांगते. मी त्यांना नंतरही विचारलं नाही. कमिटीनंही नाही. मला बाहेर थांबवलं, तासाभरानं आत बोलावलं आणि म्हणाले, काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर.

आता मी कॉलेजात शिकवते, आम्ही त्याच घरात राहतो. भीती वाटते का म्हणाल तर नाही, पण एकटं असं वाटत नाही कधी. परवा जोशी काकूंचा फोन आला, इतक्या दिवसांनी, आवाज अगदी बारीक. म्हणाल्या, सुजाता, आमच्या मागं मोगऱ्याजवळची माती खचून राहिली आहे गं, जरा येऊन बघतेस? गेले. दोघी उभ्या राहिलो. मी म्हटलं, काकू, सांगू शकणारी बाई गेली, मला काही कळत नाही. त्या म्हणाल्या, मग मी काय करू? म्हटलं, खोदू नका, बस्. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या मातीला म्हणाल्या, बाबांनो, आम्हाला माहीत नव्हतं. मी हात जोडले. कोण आहेत, आहेत की नाहीत, देव जाणे, पण असतील तर सुखानं राहोत.